आधी लेंडी पाहा, मग बिबट्या म्हणा

पोस्ट लांब आहे आणि विषय लेंड्यांचा आहे. जेवत असाल तर आधी जेवून घ्या. पण मंगरूळपीर तालुक्यात ज्याचं वावर आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती. यात माझी स्वतःची चूक आहे, ती आधी सांगतो.

मागच्या हिवाळ्यात तूर सोंगणीला आली तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. धुऱ्यावर पडलेली विष्ठा. पांढरीफटक, जाड, तुकड्या-तुकड्यांची. खाली लिहिलेलं, 'बिबट्या! सावध राहा.' कोणाच्या वावरातला, कोणत्या दिवसाचा, काही पत्ता नाही. मी तो फोटो मोठा करून नीट पाहिलासुद्धा नाही. पाच ग्रुपवर पाठवला आणि स्वतःच्या अकलेनं एक ओळ जोडली, 'बायामाणसांनी एकटं वावरात जाऊ नये.' मला वाटलं, आपण फार मोठं समाजकार्य केलं.

दुसऱ्या दिवशी सोंगणीला एकही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तूर वाळून शेंगा तडकायला लागल्या होत्या. थ्री फेजची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागायचं. एरवी एकटा माणूस जाऊन स्प्रिंकलरचे पाईप बदलून येतो. त्या आठवड्यात तीन-तीन जण टॉर्च आणि फटाके घेऊन जात होते. एकानं तर मोटर चालूच केली नाही, पिकाला ताण बसला तो बसलाच.

चौथ्या दिवशी पारावर बसलो होतो तर एकानं हळूच विषय काढला. गावाबाहेर नाल्याकाठी मेलेला गोऱ्हा पडला आहे, त्याच्यात औषध टाकून ठेवायचं, जे काय असेल ते खाऊन मरेल. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कोणी नाही म्हटलं नाही. मीही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, हा गुन्हा आहे, जेलात जावं लागतं, हे मला माहीत होतं. त्या विषानं गावातली कुत्री मरतील, घारी-कावळे मरतील, नाल्याचं पाणी ढोरं पितात, हेही समजत होतं. तरी मी गप्प बसलो, कारण भीती मीच पसरवली होती आणि आता ती खोटी असू शकते असं म्हणायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात आमचे मोठे बाबा आले. वय पंच्याहत्तरच्या पुढं. शाळेत गेले नाहीत. जन्मभर गावची ढोरं राखली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं,

"कोनं सांगतलं बिबट हाय म्हनून?"

मी म्हटलं, "फोटो आला ना मोठे बाबा, ग्रुपवर."

"फोटोले काय वास येते? चाल, जागा दाखव."

जागा शोधायलाच अर्धा दिवस गेला, कारण फोटो टाकणाऱ्याला तो दुसऱ्याकडून आला होता आणि त्याला तिसऱ्याकडून. शेवटी सापडली. मोठे बाबा काठी टेकवत खाली बसले. काठीनंच एक तुकडा फोडला. आतून खडूसारखा भुगा निघाला.

"पाह्य बाबू. चुन्यावानी पांढरं काहून पडलं? हाडं खाल्ल्याबिगर असं होत नाई. बिबटाच्या इष्ठेत केसं निंगते, गुंडाळल्यावानी. हा निरा हाडाचा चुना हाय. तडस हाय हे. मेल्या ढोराच्या मांगं आलं असन."

मग ते पाऊल पाहायला लागले. नाल्याच्या ओल्या मातीत ठसे होते आणि ठशांपुढं नखांच्या खुणा स्पष्ट होत्या. मांजराच्या जातीची जनावरं, म्हणजे वाघ-बिबट, चालताना नखं आत ठेवतात, ती सहसा उमटत नाहीत. तडसाची उमटतात. शिवाय पुढचं पाऊल मागच्यापेक्षा मोठं होतं, तेही तडसाचंच लक्षण. नाल्याकाठी टाकलेल्या गोऱ्ह्याची हाडं अर्धी गायब होती. म्हणजे आम्ही मेलेली ढोरं उघड्यावर टाकायची, त्यानं येऊन ती साफ करायची, आणि बदल्यात आम्ही त्याला विष घालायला निघालो होतो.

त्याच संध्याकाळी मी पाचही ग्रुपवर लिहिलं की फोटो तडसाच्या विष्ठेचा आहे, मी न पाहता पुढं पाठवला, माझी चूक झाली. बिबट्याच्या पोस्टला जेवढे अंगठे आले होते त्याच्या निम्मेही या पोस्टला आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सोंगणीला बाया आल्या. त्यातल्या एक काकू मला धुऱ्यावर भेटल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाबू, माह्या चार दिवसाची मजुरी तू देशीन काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर मी मोठ्या बाबांच्या मागं लागलो की मला हे शिकवा. थंडीत सकाळी-सकाळी त्यांच्याबरोबर धुऱ्या-धुऱ्यानं फिरलो. जे शिकलो ते इथं लिहितो, कारण आपल्या भागात याची गरज रोजची आहे. शेजारी कारंजा तालुक्यात सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, अकोल्याच्या बाजूला काटेपूर्णा आहे. पण जनावरं काही अभयारण्याची हद्द पाहून चरत नाहीत. ती आपल्याच वावरात आहेत.

रोही. म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे, पण शेणाचा पो टाकत नाही, लेंड्या टाकते. बकरीच्या लेंडीपेक्षा मोठी, साधारण बोराएवढी. आणि रोह्याची सवय अशी की तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन टाकतो. त्यामुळं ढीगच्या ढीग दिसतो, खाली जुन्या वाळलेल्या, वर ताज्या काळ्या चकचकीत. कोवळा हरभरा भरपूर खाल्ला असेल तर लेंड्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. असा ढीग वावरात दिसला तर समजा, रोही पाहुणा म्हणून आलेला नाही, मुक्कामी आहे.

काळवीट. लेंडी रोह्यापेक्षा बरीच लहान, एका टोकाला निमुळती. नरही आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी ढीग करतो, म्हणून लहान लेंड्यांचा ढीग उघड्या माळावर दिसला तर ते बहुधा हरीण.

रानडुक्कर. हे लेंड्या टाकत नाही. काळपट, चपट्या तुकड्यांचा एकमेकांवर दाबलेला गोळा. फोडला तर पिकाचे तंतू, दाण्यांची सालं निघतात. पण डुकराला विष्ठेची गरजच काय, त्यानं नाकाडानं उकरलेली जमीन नांगर फिरल्यासारखी दिसते.

ससा. गोल, किंचित चपटी, हलकी गोळी. बोटाएवढ्या काडीनं दाबली तर भुसा होतो.

सायाळ, म्हणजे साळिंदर. लांबट लेंडी, खारकेच्या आकाराची. कधी कधी तंतूनं एकीला एक जोडलेली, माळेसारखी. आजूबाजूला काटा पडलेला असतोच.

कोल्हा. बारीक, टोकाला निमुळती, आणि मुद्दाम दिसेल अशा जागी, दगडावर किंवा पायवाटेच्या मधोमध. थंडीच्या दिवसात तिच्यात बोराच्या बिया भरलेल्या असतात. आपल्या माळावर जिथं-तिथं बोरी उगवल्या त्यातल्या कितीतरी कोल्ह्यानं पेरल्या आहेत. त्यातच उंदराचे केस आणि बारीक हाडं निघतात. हरभऱ्यातले उंदीर फुकटात कोण खातं, हे तेव्हा कळतं.

लांडगा. कोल्ह्यापेक्षा जाड, केसांनी भरलेली, बहुतेक वाटा फुटतात तिथं. गावठी कुत्र्याच्या विष्ठेशी गल्लत होते ती इथंच. कुत्रं भाकरी-पोळी, उष्टं-खरकटं खातं, म्हणून त्याच्यात केस-हाडं कमी. पण मेलेलं ढोर खाल्लेलं कुत्रं असेल तर मोठे बाबासुद्धा म्हणतात, "इथं मी नाई सांगू शकत." जाणकाराची हीच खूण आहे असं मला वाटतं. ग्रुपवर मात्र 'नाही सांगू शकत' असं कोणी लिहीत नाही.

बिबट. वळकट्या-वळकट्यांची, एका टोकाला शेपटीसारखी ओढलेली, आत केस पीळ दिल्यासारखे. बऱ्याचदा वाटेच्या कडेला, जवळ पायानं माती उकरल्याची खूण. वास उग्र. जुनी झाली की हीही फिकी पडते, म्हणून नुसतं पांढरं आहे म्हणजे तडसच असंही नाही. फोडून पाहावं लागतं, ठसे पाहावे लागतात, मग बोलावं लागतं.

एक सूचना. हात लावायचा नाही. काठी वापरा. मांसाहारी जनावरांच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात, ती माणसाच्या पोटात गेली तर मोठं दुखणं होतं. वाळलेली फोडताना तोंड जवळ नेऊ नका. लेकरांना तर दूरच ठेवा.

कोणी म्हणेल, हे जुन्या माणसांचं झालं, आता कॅमेरे आहेत. तर ऐका. देशात दर चार वर्षांनी वाघांची मोजणी होते. तिच्यात कॅमेरा ट्रॅप असतातच, पण त्याआधी वनरक्षक पायी चालून वाघ-बिबट्यांची विष्ठा आणि ठसे नोंदवतात, आणि हरणं-रोही किती आहेत याचा अंदाज यावा म्हणून ठरावीक अंतरावर जमिनीची पट्टी आखून लेंड्या मोजतात. हैदराबादच्या सीसीएमबीत, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत विष्ठेतून डीएनए काढून जनावर ओळखलं जातं. म्हणजे मोठे बाबा काठीनं जे करतात तेच तिथं यंत्रानं होतं. फरक इतकाच की यंत्र जास्त खात्रीनं सांगतं आणि मोठे बाबा लगेच सांगतात.

आणि विष्ठेतून फक्त जनावराचं नाव कळतं असं नाही. आपल्याच राज्यात नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथं बिबटे उसात राहतात, तिथं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून तपासली. २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. बकऱ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा कुत्र्यांपेक्षा बराच कमी. याचा साधा अर्थ असा की बकऱ्या रात्री गोठ्यात बंद असतात आणि कुत्री मोकळी. म्हणजे गोठ्याचं दार पक्कं असणं आणि गावातला कचरा उचलणं हाच बिबट्यावरचा पहिला उपाय आहे. ही गोष्ट बंदुकीनं कळली नाही, विष्ठेनं कळली.

बिबट-वाघ आपल्याकडे येऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ गळ्यात कॉलर घेऊन महिनोनमहिने विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातल्या शेतशिवारांतून फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हजार किलोमीटरच्या वर चालला. अशी जनावरं येतात आणि जातात. म्हणूनच खरं आलं असेल तेव्हा ओळखता आलं पाहिजे. दर महिन्याला खोटा बिबट्या आला तर खऱ्याच्या दिवशी कोणी घरात बसणार नाही.

आता दुसरा किस्सा, पैशाचा.

तडसाच्या आदल्या वर्षी माझा अर्धा एकर हरभरा एका रात्रीत चरला गेला. सकाळी गेलो तर बांधाजवळ लेंड्यांचा हा मोठा ढीग. मी काय केलं असेल? फावड्यानं उचलून उकिरड्यावर नेऊन टाकला. खत होईल म्हणून. वर स्प्रिंकलर चालू करून टाकला, उरलेलं तरी जगेल म्हणून. मग चार-पाच दिवसांनी कोणीतरी सांगितलं की भरपाई मिळते, तर अर्ज घेऊन धावलो.

वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर ते तीन दिवसांच्या आत कळवायचं असतं. माझी मुदत तिथंच गेली होती. तरी माणसं आली, बिचाऱ्यांनी वावर पाहिलं. पाण्यानं खुरांचे ठसे फिसकटलेले. त्यांनी सरळ विचारलं, "ही मोकाट गुरं कशावरून नाहीत?" आणि प्रश्न बरोबरच होता. भरपाई रानडुक्कर, रोही, काळवीट, माकड अशा जनावरांनी केलेल्या नुकसानीची मिळते. शेजाऱ्याच्या सुटलेल्या गाईनं खाल्लं तर सरकार कशाला देईल? गाईचं खूर आणि रोह्याचं खूर फिसकटलेल्या मातीत वेगळं दाखवता येत नाही. पण गाय पो टाकते आणि रोही लेंडी टाकतो, यात वाद घालायला जागाच नाही. माझा एकमेव पुरावा मीच उकिरड्यात गाडून आलो होतो.

या हंगामात पुन्हा रोही आले. या वेळी कशालाही हात लावला नाही. ढिगाजवळ माचिसची पेटी ठेवून फोटो काढला, म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ आणि जागा फोटोवर येईल असं ॲप वापरलं. एक फोटो जवळून, एक दुरून, ज्यात खाल्लेलं पीक आणि ढीग दोन्ही दिसतील. शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. त्याच दिवशी कळवलं. पंचनामा झाला आणि कागदावर 'रोही' असं नाव लागलं. पैसे किती आणि कधी येतात तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, तो मी लिहीनच. पण निदान या वेळी 'कशावरून' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं.

आपल्याकडे शेतकरी कागदाला भितो, आणि ते चुकीचं नाही. सातबारा, आठ-अ, पीकपेरा, आधार, बँकेचं पुस्तक, सगळं दुसऱ्यानं दिलेलं. ही एक गोष्ट अशी आहे की जी आपल्या वावरात पडलेली असते, जिच्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही, आणि तीच आपण लाथेनं उडवून देतो.

गेल्या वर्षी, १८ जून २०२५ ला, मारुती चितमपल्ली गेले. वनखात्यात उभी हयात घालवलेला माणूस. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांनी जंगलाबद्दल एवढं लिहिलं, पण त्यातलं कितीतरी आदिवासींकडून, पारध्यांकडून, रानात राहणाऱ्या माणसांकडून शिकलो, हे ते मोकळेपणानं सांगत. आपल्या प्रत्येक गावात असा एखादा म्हातारा ढोरकी, एखादी बकऱ्या राखणारी बाई अजून आहे. त्यांना ग्रुपवर कोणी घेतलेलं नाही, कारण त्यांच्याकडं मोबाईल नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, दोन आपल्यासाठी आणि एक पंचायतीसाठी.

एक, बिबट्याचा फोटो आला तर पुढं पाठवायच्या आधी तीन प्रश्न विचारा. कोणाचं वावर? कधी काढला? आकार कळायला शेजारी काय ठेवलं आहे? तिन्हीची उत्तरं नसतील तर फोटो आपल्याजवळच ठेवा. खरंच शंका वाटली तर वनखात्याचा हेल्पलाईन नंबर १९२६ आहे, तिथं कळवा.

दोन, पिकाचं नुकसान झालं तर आधी फोटो, मग फोन, आणि सगळ्यात शेवटी फावडं.

तीन, ग्रामसभेत एक ठराव घ्या. गावातल्या जाणत्या ढोरक्याला शाळेत बोलवून पोरांना शिवारातून एक फेरी मारून आणा. खर्च शून्य. आणि मेलेली ढोरं नाल्याकाठी उघडी टाकणं बंद करा, खड्डा करून पुरा. तडस आला तो आमंत्रणावरून आला होता, आमंत्रण आपलंच होतं.

मोठे बाबा आता फारसं चालत नाहीत. परवा मी त्यांना मोबाईलमध्ये एक फोटो दाखवला, दुसऱ्या गावच्या ग्रुपवरून आलेला, खाली लिहिलेलं 'बिबट्या'. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"सायाळ हाय रे बाबू," म्हणाले. "लेंडीची माय दिसत नाई का?"

माय म्हणजे माळ. त्या गावच्या ग्रुपवर मी लगेच लिहिलं. या वेळी कोणाची मजुरी बुडायच्या आत.

तुमच्या गावात असं ओळखणारं कोण आहे? नाव लिहू नका, फक्त गाव लिहा आणि त्यांच्याकडून शिकलेली एक खूण खाली कॉमेंटमध्ये टाका. शेलूबाजार, आसेगाव, धानोरा, जिथले असाल तिथून. आणि माझी एखादी खूण चुकली असेल तर तेही सांगा, मी पोस्टमध्ये दुरुस्त करीन.